मृणालीचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत बाईचं पोट ही चावडीवरची गोष्ट आहे. ते वाढलं तरी चर्चा, नाही वाढलं तरी चर्चा. पुरुषाचं काही बिघडलं असेल का, हे मात्र देवालासुद्धा विचारायची पद्धत नाही. आणि देवीला तर आम्ही सगळंच विचारतो. म्हैस आटली, बोअरला पाणी लागेना, पोरगा दहावीत आपटला, की चालले नवलाईच्या देवळात कौल लावायला. मी पासष्टी ओलांडली आहे, नवरा गेला, मुलगा परदेशी बोटीवर आहे. आता मला कुणाची सून व्हायचं नाही, म्हणून मी हे उघड लिहिते.

मृणाली ही माझ्या गडग्यापलीकडची. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे, कमरेएवढा. त्याच्यावरून कढीपत्ता जातो, विरजण येतं आणि बातम्या दोन्हीकडून जातात-येतात. ती लग्न होऊन आली तेव्हा तिचा आवाज आधी आला आणि माणूस मागून. तिचं माहेर हर्णेचं. वडिलांचा बंदरावर बर्फाचा धंदा. संध्याकाळी होड्या लागल्या की लिलावाच्या त्या गलबल्यात कुणाला किती बर्फ हवा ते ही पोरगी ओरडून विचारायची आणि पलीकडच्या होडीवरून उत्तर घ्यायची. त्यामुळं आमच्याकडं आल्यावर ती साधं "काकी, चहा झाला का?" म्हणाली तरी पालीच्या बाजारात ऐकू जावं. तिची सासू कमळावहिनी पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "बाय, ह्या घरात कोण भैरं नाय."

मृणाली खो खो हसली होती. तेव्हा ती हसायची.

नवरा दर्शन. मोबाइलच्या टॉवरवर देखभालीचं काम करायचा, एका कंत्राटदाराकडं. पालीपासून आतल्या गावांतले सात-आठ टॉवर त्याच्याकडं होते; जनरेटर, बॅटऱ्या, वरच्या तारा, सगळं तोच बघायचा. पट्टा बांधून वर चढला की खालून चिमणीएवढा दिसायचा. पँटच्या दोन खिशांत दोन फोन, एक कंपनीचा आणि एक घरचा, आणि तोंडात गुटख्याची पुडी. रात्री-बेरात्री फोन वाजला की निघाला. बोलायला मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या मुलाशी व्हिडिओवर बोलायचं मला त्यानंच शिकवलं, आणि तेही न चिडता, तीन वेळा. मला तो आवडायचा. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणसापासून बाई सावध तरी राहते.

लग्नाला दोन वर्षं झाली, तीन झाली, पाळणा हलेना. मग जे सगळीकडं होतं तेच झालं. कमळावहिनीनं देवरुखच्या वैद्याचा काढा आणला. कुणी सांगितलं म्हणून मृणालीनं वर्षभर आंबट खाल्लं नाही. हर्णेची मुलगी, सोलकढीशिवाय राहिली! देवळात कौल लावला, देवीच्या अंगावर चिकटवलेली फुलाची पाकळी उजवीकडून पडली. म्हणजे होईल. कधी होईल हे पाकळी सांगत नाही. दर्शनचा धाकटा भाऊ नालासोपाऱ्याला राहतो, त्याची बायको ऋतिका. तिला दोन मुलगे झाले. झालं, शिमग्यात देवीची पालखी घरी आली की ओटी भरायचा मान ऋतिकाकडं गेला. थोरली सून घरात असताना धाकटीनं मुंबईहून येऊन ओटी भरायची. "पोरवालीच्या हातची बरी," असं कमळावहिनी म्हणायची. ती हे मृणालीसमोरच म्हणायची, पाठीमागं नाही, हा तिचा एक प्रामाणिकपणा.

ओटी भरताना मृणाली माजघराच्या दारात उभी असायची. तिचा आवाज तोपर्यंत एवढा खाली आला होता की गडग्यावरून हाक मारली तर मला पुन्हा विचारावं लागायचं, काय म्हणालीस गं?

आणि गाऱ्हाणं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पालखी अंगणात पाटावर बसली की गावकार, म्हणजे गावाचा मानकरी, देवीपुढं त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. घरात काय अडलंय, काय हवंय ते मोठ्यानं, सगळ्या गावादेखत. दर वाक्याला जमलेल्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हणजे गावानं साक्ष दिली. दरवर्षी त्या अंगणात एकच मागणं व्हायचं, "हिची कूस उजव रे म्हाराजा," आणि दोनशे माणसं म्हणायची, "व्हय म्हाराजा." विचार करा. दरवर्षी दोनशे माणसं तुमच्या कुशीची साक्ष देतात आणि तुम्ही दारात डोक्यावर पदर घेऊन उभ्या.

आमचे गावकार बाळातात्या. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून गाऱ्हाणं त्यांचा मुलगा नितेश घालतो. आवाज खणखणीत, शब्द जिभेवर. नितेश आणि दर्शन पहिलीपासून एका बाकावरचे. एकानं खाल्लं की दुसऱ्याला ढेकर. अलीकडं नितेशला गावाची काळजी फार लागली होती. शाळेमागच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, टॉवर उभा राहिला तेव्हापासून त्यानं तो हटवायचा ध्यास घेतला होता. चिमण्या गेल्या, टॉवरमुळं. आंब्याचा मोहर गळला, टॉवरमुळं. ग्रामसभेत बोलला, अर्ज झाले, पण कुणी दाद देईना. पुरावा काय, म्हणून विचारायचे.

दर्शन त्याच टॉवरवर काम करायचा, पण दोस्तीत त्यानं वितुष्ट येऊ दिलं नव्हतं. हसून सोडून द्यायचा.

गेल्या श्रावणात मृणालीची दुर्बिणीतून तपासणी ठरली. रत्नागिरीतल्या एका खासगी दवाखान्यात, पोटाला भोकं पाडून आत बघायचं. कमळावहिनीचे गुडघे दुखत होते म्हणून सोबतीला मी गेले. आत नेताना नर्सनं मृणालीच्या बांगड्या काढायला लावल्या. हिरव्या होत्या, निघेनात, साबण लावून काढल्या. दर्शननं त्या रुमालात गुंडाळून घेतल्या आणि मांडीवर धरून बाकावर बसला. डोळे भरलेले. मला म्हणाला, "काकी, दुखंल का हो तिला?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मनात म्हटलं, असा नवरा नशिबानं मिळतो. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं की आत सगळं ठीक आहे, काही दोष नाही. दर्शननं मान हलवली. मी म्हटलं, मग आता? तो म्हणाला, "बगू."

घरी आल्यावर कमळावहिनी म्हणाली, "दोष नाय तर मंग होत कसा नाय?" आणि मृणालीकडं बघितलं. मृणाली टाके सांभाळत भिंतीला धरून बसली होती. तिनं मलाच विचारलं, "काकी, काय नसताना पण माझ्यात काय असंल?"

मग यंदाचा शिमगा आला. चाकरमानी आले, ऋतिका मुलांना घेऊन आली, अंगण सारवून झालं. दुपारी चारच्या सुमारास ढोल वाजवत पालखी आली, नाचली, पाटावर बसली. ऋतिकानं ओटीचं तबक हातात घेतलं. मृणाली नेहमीसारखी दारात. मी गडग्याला टेकून उभी होते, मला तिथून सगळं दिसतं.

नितेश पुढं झाला, नारळ हातात घेतला आणि सुरू केलं.

"बा नवलाय माते, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरचो थोरलो ल्योक दर्शन, तुझ्या पायाशी उभो हाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी इतकी वर्षां चुकलंव. सुनेची कूस उजव म्हनून मागत ऱ्हायलंव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सुनेत दोष नाय. ह्येच्या बीजात दोष हाय. गेल्याच्या गेल्या गनपतीत डाक्टरनी तपासून सांगितलान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे झालं सवयीनं. अर्थ डोक्यात शिरायच्या आधीच तोंडं उघडली होती. ढोलवाल्याच्या हातातली टिपरी मध्येच थांबली. नितेशला मात्र थांबवत नव्हतं. त्याचा आवाज चढत चालला होता, डोळे मिटलेले.

"त्या टावरच्या लहरींनी ह्येचा बीज करपवलान, म्हाराजा! आज ह्येचा करपला, उद्या शाळंतल्या पोरांचा करपंल. त्यो टावर उपटून गावाच्या भायेर टाक, आनि ह्या घरात पाळना हलव, म्हाराजा!"

या वेळी चारच माणसं "व्हय" म्हणाली, ती टॉवरविरोधी मंडळातली.

दर्शनचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं पुढं होऊन नितेशचा दंड धरला. "अरं, तुला भाव म्हनून सांगितलंतंव मी! पालीच्या नाक्यावर गळ्यात पडून रडलंतंव तुज्या! कुनाला सांगनार नाय म्हनून आयशीची शपथ घेतलंस!"

"मान्सांना नाय सांगितलंय मी," नितेश म्हणाला. "देवीला सांगितलंय. तिच्यापुढं खोटा कसा बोलू? आनि तुज्या भल्यासाठीच ना रं? आता तरी आयकतील लोक."

मला अजूनही वाटतं, तो मनापासून बोलत होता. ग्रामसभेला पुरावा हवा होता, तो त्याला मित्राच्या खिशात सापडला आणि त्यानं काढून घेतला. वर उपकार केल्याचं समाधान. अशा माणसाला लबाड म्हणायचीही सोय नसते.

दर्शन खाली बसला. "घात केलान माजा," एवढंच म्हणाला. दोन-तीन बाप्ये त्याच्याभोवती गोळा झाले, कुणी खांद्यावर हात ठेवला. बिचारा दर्शन. सगळ्यांना त्याचाच कळवळा.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "कंदी?"

मृणाली पायरी उतरून खाली आली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर. "कंदी म्हनालानी? गेल्याच्या गेल्या गनपतीत?"

दर्शन वर बघेना. "मृणाल, टावरमुळं झालाय ता. माजा काय दोष हाय त्यात?"

"दोष नाय मी इचारला. कंदी समाजला ता इचारला."

तीच पुढं म्हणाली, "माज्या पोटाला भोकां पाडलानी ती गेल्या श्रावनात."

मला तो दवाखान्याचा बाक दिसला, मांडीवरचा रुमाल दिसला. "काकी, दुखंल का हो तिला?" त्याला सगळं ठाऊक होतं! ती आत भूल देऊन पडली होती, नसलेला दोष शोधायला डॉक्टर तिच्या पोटात दुर्बीण घालत होत्या, आणि हा बाहेर बांगड्या सांभाळत डोळे भरून बसला होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. तो हात मला त्या दिवशी तोडून टाकावासा वाटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं चोरानं संन्याशाचं सामान धरून ठेवलं होतं.

"डाक्टर आनि काय म्हनाले?" मृणालीनं विचारलं.

दर्शन पुटपुटत बोलला. संख्या कमी आहे, हालचाल मंद आहे. फोन पँटच्या खिशात ठेवू नको, गुटखा सोड. उपाय आहेत. "आनि..."

"आनि काय?"

"बायकोला घेवन ये म्हनाले. दोघांनी येवक हवा म्हनाले."

हे ऐकून तिचा चेहरा जसा झाला तसा नितेशच्या गाऱ्हाण्यानंही झाला नव्हता. दीड वर्ष कुणीतरी तिला बोलावत होतं आणि निरोप नवऱ्याच्या खिशात पडून होता.

पुढं मी मृणालीबरोबर एका जाणत्या डॉक्टरांकडं गेले तेव्हा त्यांना सरळच विचारलं होतं, टॉवरनं होतं का हो असं? मी लाजत नाही आता. ते म्हणाले, आजी, प्रयोगशाळेत फोनजवळ ठेवलेल्या नमुन्यांत शुक्राणू मंदावलेले काहींना दिसलेत. जास्त फोन वापरणाऱ्यांत संख्या थोडी कमी, असं काही अभ्यास म्हणतात, काही म्हणतात फरक नाही. टॉवरखालच्या गावापर्यंत फार थोडं पोचतं. वर अँटेनाला खेटून काम करणाऱ्याचं वेगळं, म्हणून ती बंद करूनच चढायचं असतं. अंगाला चिकटलेला फोन जवळचा, तो खिशातून काढला तर नुकसान काहीच नाही. पण ह्याच्यामुळंच झालं असं एकावर बोट ठेवता येत नाही. तंबाखूचं मात्र नक्की ठाऊक आहे, सततच्या उष्णतेचं ठाऊक आहे, वृषणाजवळची शीर फुगण्याचं ठाऊक आहे. तपासायला हवं. एवढं सगळं त्यांनी सांगितलं. दर्शनलाही असंच काही सांगितलं असणार. पण त्यानं त्यातला टॉवर तेवढा उचलला, कारण टॉवर उंच असतो, लोखंडाचा असतो, त्याच्यावर ढकललं की आपल्या पुरुषपणाला धक्का लागत नाही. आणि तोही उचलून बायकोकडं नाही आणला, दोस्ताकडं नेला.

असो. त्या दुपारकडं येते.

नितेशनं प्रसंग सावरायला नारळ उचलला, आता वाढवतो म्हणाला. नारळ वाढवला की गाऱ्हाणं संपलं.

"थांब," मृणाली म्हणाली. "गाऱ्हाना पुरा नाय झाला."

"वैनी, आता..."

"मी घालनार."

मागून कुणीतरी ओरडलं, बाईमान्सानं कंदी गाऱ्हाना घातलान नाय. सगळ्यांनी बाळातात्यांकडं बघितलं. तात्यांनी मुलाकडं बघितलं, मग खाली जमिनीकडं. नाही म्हणाले नाहीत, हेच खूप.

मृणाली पालखीपुढं उभी राहिली. हात जोडले आणि बोलायला लागली. आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. बंदरावरचा. एका होडीवरून दुसरीवर पोचणारा.

"नवलाय माते, म्हाराजा! ह्या आंगनात वरसानुवरसं माज्या नावानं मागना केलानी. ता खोटा होता, ता पुसून टाक, म्हाराजा!"

कुणी काही म्हणालं नाही.

"मी आजारी नव्हतंय. मला आजारी ठरवलानी. वरीसभर मी चिंचंचं बोटूक चाटलं नाय. काढं प्यालंय. धाकटीच्या हातची ओटी बगत दारात उबी ऱ्हायलंय. ह्या सगळ्यांना ठावूक नव्हता, त्यांच्यावर माजा राग नाय. ज्येला ठावूक होता त्यो माज्या शेजारी झोपत होता, म्हाराजा!"

दोनशे माणसं, आणि एक तोंड उघडेना. बायका पदर तोंडात धरून उभ्या.

"बीज टावरनं करपलान, फोननं करपलान की गुटख्यानं, ता डाक्टर बगतील. पोर नसता झाला तरी मी ऱ्हायलंय असतंय ह्येच्यासंगं. दोघां मिळून रडलंव असतंव. ह्येनं रडायलाबी दुसरा मानूस शोधलान. ह्येला शिक्षा नको, म्हाराजा. फक्त जेवढ्यांनी माजी कूस आयकली तेवढ्यांनी ह्या बी आयकूंदे, म्हाराजा!"

ती थांबली. साक्षीसाठी थांबली. गाऱ्हाणं घालणारा थांबतो तशी.

आणि त्या शांततेत फोन वाजला. दर्शनचा. पँटच्या खिशातून, उजव्या. सगळ्यांच्या नजरा तिकडं गेल्या, त्याच्या खिशाकडं. ज्या लहरींवर तो आत्ता अंगणात बसून खापर फोडत होता, त्या तशाच मांडीला बांधलेल्या. डॉक्टरांनी सांगितलेली सगळ्यात सोपी गोष्टसुद्धा त्यानं केली नव्हती. बायकोच्या पोटाला भोकं पडू दिली, पण खिशातला फोन काढला नाही. तो घाईघाईनं हात घालून फोन बंद करू लागला तर होईना, वाजतच राहिला. कुठल्यातरी टॉवरवरची वीज गेली असेल.

मृणालीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. ती हात जोडून देवीपुढं उभीच होती. मला वाटलं, आता मीच म्हणावं. पण मी गडग्यापलीकडची. साक्ष गाव देतं, पण ही पहिली साक्ष त्या घरातूनच यायला हवी होती.

ओसरीवर खुर्चीत कमळावहिनी बसली होती. गुडघ्यांवर हात दाबत उठली. पायऱ्या उतरायला तिला वेळ लागला, कुणी हात पुढं केला तर तिनं झिडकारला. ऋतिकासमोर जाऊन तिनं तिच्या हातातलं तबक काढून घेतलं. ते घेऊन ती मृणालीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दर्शन म्हणाला, "आये..." तिनं पोटच्या पोराकडं एकदा बघितलं, आणि तोंड देवीकडं फिरवलं.

"व्हय म्हाराजा," कमळावहिनी म्हणाली. एकटीच.